टस्कंबियाचा हापसा आणि रस्त्याकडेच्या पाट्या

अमेरिकेला जाऊन आलेल्या मंडळींच्या गप्पा साधारण ठरलेल्या असतात. न्यूयॉर्कच्या उंच इमारती, नायगाराचे तुषार, डिस्नेचं जादूनगर आणि मॉलमधली खरेदी. लेकीच्या बाळंतपणाला किंवा मुलाचा नवा संसार बघायला म्हणून सहा महिने तिकडे राहून येणाऱ्या आयांना मात्र एक वेगळीच अमेरिका भेटते. शनिवार-रविवारी जावईबापू गाडी काढतात आणि तासा-दोन तासांवरच्या एखाद्या लहानशा गावी घेऊन जातात. गावात बघायचं काय? एक कोर्टाची इमारत, एक जुनं स्टेशन, चार चर्चेस आणि रस्त्याच्या कडेला खांबावर उभ्या केलेल्या धातूच्या पाट्या!

या पाट्यांकडे आपण सहसा बघत नाही. इंग्रजीतला बारीक मजकूर, त्यात अनोळखी नावं. पण दक्षिणेकडच्या राज्यांत या पाट्या म्हणजे गावाची उघडी वही असते. कुणी काय बांधलं, कोण कुठे जन्मलं, कुणाला कुठून हाकललं, हे सारं दहा-पंधरा ओळींत ओतीव अक्षरांत लिहिलेलं असतं. एकदा वाचायची सवय लागली की पुढच्या वळणावर आपणच म्हणतो, "अरे थांबव, थांबव! तिथे एक पाटी दिसतेय."

अशा पाट्यांच्या गावांपैकी एक गाव आपल्यासारख्या आयांनी आवर्जून बघावं असं आहे. अलाबामा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं टस्कंबिया. वस्ती जेमतेम नऊ हजार. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. हंट्सव्हिलला कुणी असेल तर तिथून सव्वा-दीड तासाची वाट, नॅशव्हिलहून दोन-अडीच तासांची.

आयव्ही ग्रीन

गावात शिरताना वाटतही नाही, की जगभर नाव गेलेली एक मुलगी इथली. हेलन केलर! शाळेच्या पुस्तकात आपण तिचा धडा वाचला, पुढे २००५ साली 'ब्लॅक' सिनेमा आला तेव्हा पुन्हा तिची आठवण निघाली. तिचं माहेरचं घर इथे जसंच्या तसं जपलेलं आहे. घराचं नाव आयव्ही ग्रीन. तिच्या आजी-आजोबांनी ते १८२० साली बांधलं, म्हणजे अलाबामा राज्य झाल्यावर एकाच वर्षानं. पांढऱ्या रंगाचं, लाकडी फळ्यांचं, बेताच्या उंचीचं घर. वाड्याचा थाट नाही. भोवती मोठी झाडं आणि आयव्हीची वेल, जिच्यावरून घराला नाव पडलं.

मोठ्या घराशेजारी एक छोटं घर आहे. तिथेच २७ जून १८८० रोजी हेलन जन्मली. आई केट तेव्हा चोवीस वर्षांची. वडील आर्थर केलर तिच्याहून वीस वर्षांनी मोठे, हा त्यांचा दुसरा संसार. पहिली लेक, गोरीगोमटी, चुणचुणीत. आणि एकोणीस महिन्यांची असताना तिला ताप आला. ताप उतरला, घरात आनंद झाला. पण काही दिवसांत आईच्या लक्षात आलं, की डोळ्यांपुढे हात हलवला तरी पोर पापणी लववत नाही, आणि हाक मारली तरी मान वळवत नाही.

त्या आईचं काय झालं असेल, हे तुम्हाला-आम्हाला कुणी सांगायला नको.

पुढची पाच वर्षं घरात जे चाललं, तेही आयांना ओळखीचंच वाटेल. मुलगी हुशार, पण बोलायला शब्द नाहीत. मनासारखं झालं नाही की थयथयाट. एकदा तिनं आईला कोठीच्या खोलीत कोंडून बाहेरून किल्ली फिरवली आणि मजेत बसून राहिली. जेवायच्या टेबलाभोवती फिरून प्रत्येकाच्या ताटातलं हातानं उचलून खायची, आणि कुणी काही बोलत नसे. बोलणार कोण? 'बिचारी' म्हणून सगळ्यांनी तिला सोडून दिलेलं. नातेवाईकांचा सल्लाही ठरलेला, की हिला कुठल्यातरी संस्थेत ठेवा.

केटनं ते ऐकलं नाही. तिच्या वाचनात चार्ल्स डिकन्सचं अमेरिकेच्या प्रवासावरचं पुस्तक आलं होतं. त्यात बोस्टनच्या अंधशाळेतल्या लॉरा ब्रिजमन नावाच्या मुलीची हकीकत होती. तीही आंधळी आणि बहिरी, तरी शिकलेली. एवढ्या एका धाग्याला धरून या आईनं आशा सोडली नाही. १८८६ साली वडील हेलनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाल्टिमोरला घेऊन गेले. डोळे यायचे नाहीत, हे तिथे कळलं. पण तिथूनच पुढे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्यापर्यंत ते पोचले. टेलिफोन शोधणारे तेच बेल. त्यांचं आयुष्यभराचं काम बहिऱ्यांच्या शिक्षणाचं. त्यांनी बोस्टनच्या पर्किन्स शाळेचं नाव सुचवलं. घरी वाचलेलं पुस्तक आणि बेल यांचा सल्ला दोन्ही एकाच दारी येऊन थांबले.

वीस वर्षांची मास्तरीण

३ मार्च १८८७ या दिवशी टस्कंबियाच्या स्टेशनावर अ‍ॅन सलिव्हन उतरली. वय वर्षं वीस. आयर्लंडहून आलेल्या गरीब घरातली मुलगी. आई लहानपणी वारली, बापानं टाकलं, धाकट्या भावासह अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात जावं लागलं. भाऊ तिथेच काही महिन्यांत गेला. स्वतः अ‍ॅनची नजर इतकी अधू, की चौदाव्या वर्षी पर्किन्सला गेली तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. सहा वर्षांत ती तिथून पहिल्या क्रमांकानं बाहेर पडली. अशी ही मास्तरीण!

आल्या आल्या हेलननं तिला काय बक्षीस दिलं? खोलीत कोंडून किल्ली लपवली. शेवटी वडिलांनी शिडी लावून बाईंना खिडकीतून खाली उतरवलं.

पण ही बाई घाबरणारी नव्हती. पहिल्याच दिवसांत न्याहारीच्या टेबलावर दोघींची झटापट झाली. घरची माणसं उठून बाहेर गेली, दार लागलं. हेलननं स्वतःच्या ताटातून, चमच्यानं खायचं आणि उठताना रुमालाची घडी घालायची, एवढंच अ‍ॅनचं म्हणणं. तासभराहून अधिक लढाई चालली. घडी पडली तेव्हा अ‍ॅन आपल्या खोलीत जाऊन रडली.

अ‍ॅनला एक गोष्ट कळली, की घरच्यांच्या देखत ही पोर शिकायची नाही. म्हणून तिनं मागितली ती शेजारची लहान वास्तू, जिथे हेलन जन्मली होती. आतलं सामान हलवलं, मुलीला गाडीतून लांबवर फिरवून आणलं आणि मग त्या घरात नेलं, म्हणजे आपण परक्या ठिकाणी आहोत असं तिला वाटावं. दोन आठवडे दोघी तिथे राहिल्या. वडील रोज येऊन खिडकीतून बघून जायचे. लेकीला त्याचा पत्ता नाही. आपल्यापैकी किती जणींना हे जमलं असतं? लेकरू रडतंय आणि आपण शंभर पावलांवर गप्प बसायचं! अ‍ॅनच्या चिकाटीचं कौतुक जग करतं, ते योग्यच. पण ते दोन आठवडे केटनंही काढले, हे त्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहिलं की पटकन लक्षात येतं.

हाच तो हापसा

घराच्या मागच्या बाजूला तो आहे. आपल्याकडे गल्लीत, वस्तीत असतो तसाच लोखंडी हापसा. बघायला विशेष काही नाही. पण लोक त्याच्यासमोर गप्प उभे राहतात.

अ‍ॅन रोज हेलनच्या तळव्यावर बोटांनी अक्षरं काढायची. पहिला शब्द बाहुली. मुलीनं बोटांची नक्कल झटकन उचलली, पण 'प्रत्येक वस्तूला नाव असतं' ही गोष्टच तिच्या ध्यानात येत नव्हती. मग आणि मगातलं पाणी, दोन्ही तिला एकच. ५ एप्रिल १८८७ ला अ‍ॅननं तिला हापशापाशी नेलं. एका हातावर गार पाण्याची धार, दुसऱ्या हातावर अक्षरं, आधी सावकाश, मग भराभर. आणि मुलगी स्तब्ध झाली. आजारापूर्वी तिला जे दोन-चार शब्द बोलता येत होते, त्यांतला एक पाण्याचाच होता, बोबडा. तो कुठेतरी तळाशी राहिला असावा. त्या क्षणी तिनं जमिनीला हात लावून नाव विचारलं, हापशाचं विचारलं, आणि मग वळून अ‍ॅनचं विचारलं. अ‍ॅननं लिहिलं, 'शिक्षिका'. रात्रीपर्यंत तीसेक शब्द झाले होते.

घरात हेलनच्या वस्तू, ब्रेलमधली पुस्तकं, तिचा ब्रेल टंकलेखक ठेवलेला आहे. जून-जुलैत या घराच्या मागच्या आवारात उघड्यावर 'द मिरॅकल वर्कर' हे नाटक होतं. विल्यम गिब्सनचं हे नाटक १९५९ साली न्यूयॉर्कला आलं आणि १९६२ साली त्यावर सिनेमा झाला. मुलं बरोबर असतील तर नाटकाचा दिवस साधून जावं.

पाटीवर काय नसतं?

आता जरा अवघड गोष्ट. पाटी वाचताना दोन प्रश्न मनात ठेवावेत. एक, ही कुणी आणि कधी लावली? बहुतेक पाट्यांच्या तळाशी संस्थेचं नाव आणि पुष्कळदा वर्षही असतं. दुसरा, यात कोण राहून गेलं?

आयव्ही ग्रीनचंच घ्या. घराच्या मागे वेगळं स्वयंपाकघर आणि स्वयंपाकिणीची खोली दाखवतात. आगीची भीती आणि उन्हाळ्याची धग म्हणून दक्षिणेत चूल मोठ्या घरापासून दूर असे. पण त्या चुलीपुढे पिढ्यान् पिढ्या उभ्या राहिलेल्या काळ्या बायका कोण? या खोऱ्यातली कापसाची शेती १८६५ पर्यंत गुलामांच्या हातांवर चालली. हेलनचे वडील त्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूनं कॅप्टन होते. हेलनची लहानपणची सवंगडी मार्था वॉशिंग्टन ही स्वयंपाकिणीचीच लेक. दोघींनी एकदा कात्री घेऊन एकमेकींचे केस कापायचा उद्योग केला, ही गोष्ट हेलननं स्वतः सांगितली आहे. हेलनचं नाव जगभर झालं. मार्थाचं पुढे काय झालं, हे कुठल्या पाटीवर नाही.

आणि हेलनसुद्धा पाण्याखाली हात धरून उभी राहिलेली पावणेसात वर्षांची पोर म्हणूनच सगळ्यांना हवी असते. वॉशिंग्टनच्या संसद भवनात २००९ साली अलाबामानं तिचा पुतळा दिला, तोही हापशापाशी उभ्या मुलीचा. पण ती तर पुढे १९०४ साली रॅडक्लिफ कॉलेजची पदवीधर झाली, बायकांच्या मताधिकारासाठी बोलली, समाजवादी पक्षात गेली. १९१६ साली तिनं काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला शंभर डॉलर आणि एक खरमरीत पत्र पाठवलं. आपल्याच दक्षिणेतल्या अन्यायाची लाज वाटते, असा त्याचा सूर होता. अलाबामात त्यावर गदारोळ झाला, माहेरची माणसं दुखावली. लाडक्या लेकीनं माहेरच्यांना खरं सुनवावं, हे सोपं असतं का? १ जून १९६८ ला ती गेली तेव्हा सत्याऐंशी वर्षांची होती. त्यातली ऐंशीहून अधिक वर्षं हापशानंतरची.

आगगाडीनं नेलेली माणसं

टस्कंबिया हे नावच मुळी चिकासॉ लोकांच्या एका प्रमुखावरून पडलेलं. गावाच्या मध्यावर स्प्रिंग पार्क आहे. मोठा नैसर्गिक झरा, बदकं, मुलांसाठी लहान आगगाडी, माणसांनी रचलेला दगडी धबधबा. डबा उघडून बसायला सुंदर जागा. पण गावात आणि नदीकाठी फिरताना 'अश्रूंच्या वाटे'चा उल्लेख वारंवार भेटतो.

१८३० साली अमेरिकन सरकारनं कायदा केला आणि दक्षिणेतल्या मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवायला सुरुवात झाली. टस्कंबियाहून नदीच्या धक्क्यापर्यंत नुकताच लोहमार्ग झाला होता, अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या लोहमार्गांपैकी एक. कापसाच्या गासड्या नेण्यासाठी तो बांधला. खडकाळ प्रवाहामुळे तिथे बोटी चालत नसत म्हणून. याच मार्गानं १८३० च्या दशकात क्रीक आणि चेरोकी कुटुंबांना डेकेटरहून टस्कंबियाच्या धक्क्यावर आणलं आणि बोटींत चढवलं. आपल्याकडे फाळणीच्या आगगाड्या ज्यांनी पाहिल्या किंवा ऐकल्या, त्यांना ती पाटी वाचून पोटात कालवेल.

आणि या कथेचा एक उतारा जवळच आहे. नदी ओलांडून फ्लॉरेन्सच्या बाजूला, नॅचेझ ट्रेस रस्त्यालगत एक दगडी भिंत आहे. टेलाने नावाची एक युची मुलगी अशीच दूर नेली गेली. तिकडच्या नद्या गात नाहीत, म्हणून तिला करमेना. तिच्या लोकांची श्रद्धा अशी, की इथल्या टेनेसी नदीत एक स्त्री राहते आणि गाते. ती पायी परत निघाली. पाच वर्षांनी घरी पोचली. तिच्या खापरपणतवानं, टॉम हेंड्रिक्स यांनी, तिच्या प्रत्येक पावलासाठी एक दगड म्हणून ही भिंत रचायला घेतली. चुना नाही, सिमेंट नाही. तीस वर्षांहून अधिक काळ एकट्यानं रचत राहिले. भिंत मैलाहून लांब झाली. जातानाची वाट सरळ, परतीची वळणावळणांची. हेंड्रिक्स २०१७ साली वारले. कुटुंबाची खाजगी जागा, पण येणाऱ्याला दार उघडं. आजीची गोष्ट नातवंडांनी किती मनावर घ्यावी, याचं असं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

आणखी चार ठिकाणं

फ्लॉरेन्समध्येच डब्ल्यू. सी. हँडी यांची ओंडक्यांची झोपडी आहे. १८७३ साली जन्मलेला हा काळा मुलगा पुढे 'ब्लूज' संगीताचा जनक म्हणून गाजला. लहानपणी पैसे साठवून त्यानं गिटार आणली, तर धर्मोपदेशक वडिलांनी ती परत करायला लावून त्याऐवजी शब्दकोश घ्यायला लावला! मुलाच्या हातातलं वाद्य काढून घेण्याआधी ही झोपडी आठवावी.

तिथलंच रोझेनबाउम घर प्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी नवविवाहित जोडप्यासाठी १९४० साली उभं केलं. सुंदर घर, पण स्वयंपाकघर चिमुकलं. पुढे चार मुलगे झाले आणि १९४८ साली राइटसाहेबांना घर वाढवावं लागलं, नवं ऐसपैस स्वयंपाकघरही द्यावं लागलं. आपल्या ब्लॉकमधल्या ओट्याबद्दल कुरकुर करणाऱ्या मैत्रिणींना हे वाचून बरं वाटेल!

विल्सन धरण बघताना आपलं दामोदर खोरं आठवावं; १९४८ चं आपलं दामोदर खोरे महामंडळ इथल्या टेनेसी खोरे योजनेच्या नमुन्यावर उभं राहिलं. आणि हसायचं असेल तर टस्कंबियाच्या नैऋत्येला रानात कुत्र्यांची दफनभूमी आहे. रॅकून या जनावराच्या शिकारीत वाकबगार असलेल्या एकाच जातीगटाच्या कुत्र्यांना इथे जागा, बाकीच्यांना नाही. १९३७ साली एका शिकाऱ्यानं आपला 'ट्रूप' नावाचा कुत्रा जुन्या चुलाण्याचा दगड कोरून इथे पुरला. आज शेकडो थडगी आहेत. आधी हसू येतं, मग थडग्यांवरचे मजकूर वाचता वाचता डोळे ओले होतात.

जाणार असाल तर

• उन्हाळा दमट आणि कडक असतो. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर उत्तम. सुती कपडे, छत्री, पाण्याची बाटली हवीच.

• रविवारी लहान गावांत पुष्कळ ठिकाणं बंद असतात. वेळा आधी फोन करून विचारून घ्याव्यात.

• शाकाहारी असाल तर पालेभाजी आणि घेवड्याच्या उसळीतही डुकराचं मांस घातलेलं असू शकतं. विचारूनच मागवा. मक्याची भाकरीवजा पावरोटी, मक्याच्या पिठात तळलेली भेंडी आणि ग्रिट्स (आपल्या मऊ सांज्यासारखे) खाऊन बघा. भेंडी तिकडे आफ्रिकेतून आलेल्या गुलामांबरोबर पोचली.

• फ्लॉरेन्सच्या ट्रोब्रिजमध्ये १९१८ पासून आइस्क्रीम मिळतं. संत्रं-अननसाचं मागवा, नातवंडं खूष.

• एक वही जवळ ठेवा. मुलांना दर पाटीवरचं एकच वाक्य मराठीत लिहायला सांगा. प्रवासही लक्षात राहतो आणि भाषाही.

• रस्त्याकडेला गाडी थांबवताना पूर्ण कडेला घ्या. पाटीची मागची बाजूही वाचा. मजकूर पुष्कळदा दोन्हीकडे असतो.

अमेरिकेला जाणं सगळ्यांच्या नशिबात नसतं, आणि त्यासाठी अडूनही राहायला नको. हेलन केलर स्वतः १९५५ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, भारतात येऊन गेली. पंडित नेहरूंना भेटली. तिच्या नावाची मूकबधिर-अंध मुलांसाठीची संस्था मुंबईत १९७७ साली सुरू झाली, बेरोझ वाच्छा यांच्या पुढाकारानं. आजही तिथे मुलांच्या तळहातावर अक्षरं काढली जातात. टस्कंबियाच्या हापशाचं पाणी असं भायखळ्यापर्यंत पोचलेलं आहे.

आणि आपल्या गावाचं काय? तुमच्या वेशीवर कुणाची पाटी आहे? पाणवठा कुणी बांधला, पहिली मुलींची शाळा कुणाच्या ओसरीवर भरली, गावातली पहिली सुईण कोण, हे सांगणारी माणसं घरात अजून आहेत तोवर विचारून घ्या. सासूबाईंना दुपारी चहाबरोबर एक प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. धातूची पाटी नगरपालिका लावील तेव्हा लावील. वहीतली पाटी आजच लावता येते.